अठ्ठावीस नंबरचा प्लॉट आणि माझी भूगोलाची बी.ए.

आमच्या घरात जमिनीत राबण्याचा अनुभव भरपूर होता, जमीन विकत घेण्याचा अजिबात नव्हता. वडनेरच्या बाजूला आमचे बाबा लोकांची वावरं बटईनं करायचे. म्हणजे बियाणं, पाणी, मेहनत आमची आणि निम्मा माल वावरवाल्याचा. वांगी आमच्या हातची, पण आमची म्हणायची सोय नाही. राहायला टिनाच्या दोन खोल्या, त्याही ज्याचं वावर त्याच्याच. वावर बदललं की आमचा पत्ता बदलायचा. सातवीपर्यंत मी तीन शाळा पाहिल्या (हुशार होते म्हणून नव्हे!).

अशा घरातून मी बी.ए. झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही खानदानांत पहिली पदवीधर. विषय भूगोल. हे आत्ताच सांगून टाकते, पुढे लपवता येणार नाही.

हिंगणघाटला एका खासगी शाळेत कारकुनी लागली तेव्हा आई एवढंच बोलली, "अश्विनी, मले साडी नको, सोनं नको. मले अशी जागा पाह्यजे, का जिथून कोणी ऊठ म्हणणार नाई."

माझा पगार आणि आईची भिशी मिळून चार-पाच वर्षांत प्लॉटापुरते जमले. जाम गावाच्या पुढे एक लेआऊट पडलं होतं. गजूभाऊ नावाच्या दलालानं मोटारसायकलवरूनच, गाडी बंद न करता, हात लांब करून दाखवलं, "थो पाहा ताई, तिकडं. अठ्ठावीस नंबर. कोपऱ्याचा हाय."

"कोणत्या कोपऱ्याचा?"

"कोपऱ्याचा म्हंजे कोपऱ्याचाच ना!"

मला ते पटलं. (पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांना माझा सल्ला: दलालाला आधी गाडीवरून खाली उतरवा.)

कागद मात्र मी चोख तपासले. सातबारा पाहिला, अकृषक परवानगीचा आदेश पाहिला, आधीच्या व्यवहारांची नोंद काढली, आईच्या नावानं रजिस्ट्री केली. आईनं अंगठा न देता सही केली, ती मीच तिला महिनाभर शिकवली होती. एवढं सगळं बरोबर करणाऱ्या बाईला वाटतं, की आता फक्त जाऊन उभं राहायचं बाकी आहे.

रविवारी आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो, रस्त्यावर, लेआऊटकडे तोंड करून. हद्दीच्या दगडांवरचे नंबर कधीच धुऊन गेले होते. माझ्या हातात नकाशाची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. रस्ते कोणते, पांदण कोणती, काही कळत नव्हतं. पण बाणाजवळ "उ" स्पष्ट होता.

"नकाशात उत्तर नेहमी वर असते," मी म्हणाले. "वर म्हणजे आपल्या समोर."

बाबांनी डोक्यावरचं दुपट्टं सरकवलं. "पण पोरी, सूर्य तं या डाव्या हातून निंगाला सकाळी. मंग उत्तर आपल्या मांगं पाह्यजे."

"बाबा, नकाशे सूर्य पाहून वाचत नसतात!"

"काऊन?"

"तसा नियम आहे."

बाबा गप्प बसले. शिकलेल्या माणसापुढं ते नेहमीच गप्प बसत. त्यांचं हेच चुकलं.

माझ्या हिशेबानं अठ्ठावीस नंबर अगदी आमच्या पायाशी, डाव्या हाताला, डांबरी रस्त्याला लागून निघाला. आई हरखली. बाबांनी फक्त एवढं विचारलं, "रोडचा प्लॉट इतक्या सस्त्यात कसा काय देल्ला त्यानं?"

"भाव करता यावा लागतो," मी म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात सिमेंटचे खांब आले, काटेरी तार आली. मी स्वतःच्या अक्षरात पाटी रंगवली: "ही जागा सौ. कमलाबाई यांच्या मालकीची आहे. विनापरवानगी आत येऊ नये." घर बांधायला अजून वेळ होता. तोवर जागा रिकामी ठेवणं बाबांना जमेना. भाजीपाला लावणाऱ्या माणसाला मोकळी माती दिसली, की त्याच्या हाताला खाज सुटते. शेजारच्या विहिरीवरून ड्रमनं पाणी आणून त्यांनी वांगी लावली, कडेनं भेंडी, दाराच्या जागी कोथिंबीर.

"बाबा, तो दिवाणखाना आहे," मी म्हटलं.

"राहू दे. बसाले येईन थो सांबार घेऊन जाईन." (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी वाटी पुढं करू नये.)

आईनं तर हद्द केली. ओळीनं सगळ्या नातेवाइकांना आणून जागा दाखवली. मावशीनं "छान हाय" म्हटलं, तर आईला ते कमी वाटलं. तिनं मावशीला पुन्हा एक चक्कर मारायला लावली.

वांगी भरात आली त्या रविवारी एक म्हातारे काकाजी आणि त्यांची बायको रिक्षातून उतरले. काकींच्या हातात नारळ, हळदकुंकू. मागून विटांचा ट्रॅक्टर! काकाजी तारेजवळ येऊन उभे राहिले.

"काय व बाई, हे वांगे कोणाचे?"

"आमचे. पाटी वाचली नाही का?"

"वाचली ना. अक्षर चांगलं हाय. पण प्लॉट माहा हाय."

मी पदर खोचला (पंजाबी ड्रेस होता, ओढणी खोचली). "काकाजी, मी ग्रॅज्युएट आहे. मी कागदावर बोलते."

"मंग कागदावरच बोल."

त्यांनी पिशवीतून रजिस्ट्री काढली. प्लॉट नंबर नऊ. मला हसूच आलं. "अहो, तुमचा नऊ तिकडे शेवटी, नाल्याजवळ! हा पाहा नकाशा. उत्तर वर."

"उत्तर कोठी हाय म्हंते तू?"

मी समोर बोट दाखवलं.

"पोरी, मी सारी उमर बस चालवली. नागपूर तुह्या पाठीमांगं हाय. आपल्या इथून नागपूर दक्षिणेले कधी गेलं?"

त्यांनी मोबाईलमधलं होकायंत्र उघडून माझ्या हातात दिलं. मी मोबाईल डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मी स्वतः गोल फिरले. सुई काही ऐकेना. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं, त्याला नीट ऐकायचं होतं. बाबा वांग्यातून उठले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वांग्यात बसले.

आई मात्र काकींच्या पुढं जाऊन उभी राहिली. "बाई, तार आजच काढतो. पण झाडं भरली हायेत व."

काकींनी एक वांगं तोडलं, दाबून पाहिलं. "उपटू नका. मी भूमिपूजन म्हयनाभर पुढं ढकलतो. निम्मे वांगे आमचे, निम्मे तुमचे. जमते?"

बाबांनी सवयीनं मान हलवली. जमते.

परतीच्या रस्त्यावर आई म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात बटई केली. आता सोताचा प्लॉट घेतला, तं दुसऱ्याच्या प्लॉटात बटई करून राह्यलो!" त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते जास्त वाईट होतं. "पण मंग आपला कोठी हाय? का नाईच हाय?"

गजूभाऊचा फोन बंद. गजूभाऊ लग्नाला गेलेला. गजूभाऊ दर आठवड्याला लग्नाला गेलेला! मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकला. (हा अर्ज तार ठोकायच्या आधी टाकायचा असतो. मी आधी तार ठोकली, पाटी रंगवली, भेंडी लावली आणि मग अर्ज टाकला. तुम्ही क्रम उलटा ठेवा.)

तारखेची वाट पाहणं आईला सहन होईना. रोज संध्याकाळी तोच प्रश्न. एका सकाळी बाबा न सांगता जामला गेले. मी मागोमाग पोहोचले, तेव्हा ते काकाजींच्या कोपऱ्यातल्या दगडापासून पावलं टाकत निघाले होते. ओठ हलत होते, हातात माझीच झेरॉक्स, उलटी धरलेली. जन्मभर त्यांनी वाफे पावलांनीच आखले. रस्ते सोडून, ओळी मोजत, ते दुसऱ्या टोकाला नाल्याकडच्या खोलगट भागात शिरले. तिथं बाभळी आणि कोणाची तरी एक म्हैस होती. म्हैस उठायला तयार नव्हती.

"उठ व माय," बाबा म्हशीला म्हणाले.

तिच्या जागी त्यांनी खांद्यावरची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली. दुसऱ्या ठोक्याला टणक लागलं. माती खरवडली तर दगड, आणि मातीखाली राहिल्यामुळे रंग शाबूत: २८.

बाबांनी दगडावर हात फिरवला. "खोल हाय. पाणी साचन. पण हाय." आईला फोन मीच केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

महिन्याभरानं भूमापक आपलं यंत्र घेऊन आले. दिवसभर मोजलं. बाबांच्या दगडात आणि त्यांच्या मोजणीत वीतभर फरक निघाला.

"कोणी दाखवला हा दगड?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी," मी म्हणाले.

"सर्व्हेला होते का नोकरीत?"

बाबा लाजले.

खोलगट जागेत घर बांधायचं तर आधी भर टाकावी लागते. दोन उन्हाळे आम्ही मुरूमच टाकत होतो. (जागा पाहायला ऑगस्टात जा. मी एप्रिलमध्ये गेले होते. एप्रिलमध्ये सगळेच प्लॉट सुंदर असतात.) मग पाया, मग विटा, मग स्लॅब. आज प्लॉट क्रमांक अठ्ठावीसवर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं सांबाराचा एक वाफा आहे. घर आईच्या नावावर आहे. तिथून तिला कोणी ऊठ म्हणत नाही.

आता आमच्या बाजूच्या गावांतून कोणी पहिला प्लॉट घ्यायला निघालं, की आधी आमच्या घरी येतं. मी चष्मा लावते, पेन काढते, खुर्ची पुढं करते. पाहुणे पाणी पितात, घसा साफ करतात आणि विचारतात, "ताई, बाबा हायेत का घरी?"