खांबावरचं वेटोळं

रोहण्याच्या खालच्या गल्लीतले बावीस टीव्ही भर दुपारी एकदम बंद पडले, तेव्हा भारताला शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ धावा हव्या होत्या. तिथली केबल मी चालवते. महिन्याभरापूर्वीच जुनी वायर काढून फायबर टाकलं होतं, म्हणजे टीव्ही आता इंटरनेटवरून येतो. गल्ली डिशकडे गेली असती तर माझा धंदा आटोपला असता.

मी वायर जोडायची मशीन घेऊन पोचले. खांबाखाली गजाननभाऊ उभे होते, हातात अडकित्ता. संत्र्याचे बागाईतदार, बी.ए. झालेले. गल्ली त्यांचंच ऐकते.

"काऊन कापली वायर, भाऊ?"

"काकू, बाजूच्या गुरुजीच्या घरी डिशची छत्री आहे. ते टाळी वाजवते, अन् अर्ध्या मिनिटानं आमच्या टीव्हीवर चौका. वर पाहा, कितीक वेटोळे टांगले तुम्ही. इतले फेरे घेऊन चित्र आलं तर उशीर नाई होणार? ओलिताच्या पाइपाचं समजते मले."

वेटोळं म्हणजे जादाची वायर. कुठे तुटली तर ओढून जोडता यावी म्हणून ठेवतात. फायबरमधून चित्र उजेड होऊन जातं, सारे फेरे पापणी लवायच्या आत पार करतं. उशीर होतो तो घरातल्या बॉक्समुळे. इंटरनेटवर चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं. मध्ये अडकू नये म्हणून बॉक्स थोडे तुकडे आधी जमवतो, मग दाखवतो. मी चौथी शिकले, मला समजलं. भाऊंना सांगितलं.

"म्हणजे बॉक्स आमच्या आधी मॅच पाहून घेते?"

"तसंच समजा."

"मले नका शिकवू. वेटोळं काढा, नाई तर उद्या सारी गल्ली छत्री लावते."

फायबर केसासारखं बारीक, काचेचं. मशीन दोन टोकं वितळवून जोडते. मी जोडेपर्यंत मॅच संपली. गुरुजींची टाळी आली नाही, त्यावरून निकाल कळला.

मग मी वेटोळं पुन्हा टांगलं, पण बाराऐवजी आठ फेऱ्यांचं. उरलेला तुकडा पिशवीत टाकला.

"चार फेरे कमी केले, भाऊ. मोजून घ्या."

त्यांनी बोटानं मोजले.

पुढच्या मॅचला मी मुद्दाम त्यांच्याच घरी बसले. गुरुजींची टाळी आली. अर्ध्या मिनिटानं चौका दिसला.

"पाहा काकू, फरक पडला न?"

"अन् गुरुजीची टाळी?"

"ते आधीपासूनच घाईचे."

बावीसही घरं टिकली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला खरा दोष समजावत बसत नाही. त्याला दिसलेला दुरुस्त करते आणि घरी जाते.