तळ्याकाठची साइट

बंगळूरात प्लॉटला साइट म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सकाळी साइट, जेवताना साइट. घरमालकानं मुलाच्या लग्नाचं निमित्त काढून जागा सोडायला सांगितली होती. सासूबाई म्हणायच्या, मरेन तर स्वतःच्या घरात मरेन, आणि असं म्हणून आणखी ठणठणीत व्हायच्या. एजंटानं हेब्बाळकडची साइट दाखवली तेव्हा आम्ही सगळेच हुरळलो. समोर तळं! वारा असा, की माझा पदर जागेवर राहीना. सोमवारी ॲडव्हान्स द्यायचं ठरलं.

मध्ये आडवे आले वकील. म्हणाले, कागद बरे दिसतात, पण काठावरची जमीन आहे. सरकार उद्या उठून 'हे तळं आहे, आमचं आहे' म्हणालं तर घर बांधलेलं असलं तरी पाडतील. हद्द कुठपर्यंत आहे ते आधी बघा. माझे यजमान तालुका कचेरीत खेटे घालून दमले. नकाशा बघायचा तर नकाशावाला रजेवर! शेवटी माझे थोरले दीर, ज्यांना अख्खं घर अण्णा म्हणतं, ते म्हणाले, "चला, मीच बघतो." अण्णा कारखान्यात सुपरवायझर. अंगात राखाडी सफारी, खिशाला पेनं, आणि समोरचा माणूस आपल्याच हाताखाली आहे असा आवाज.

रविवारी तिघं गेलो. मी का गेले, तर स्वयंपाकघर कुठल्या दिशेला येईल ते बघायला. खोटं कशाला सांगू?

चहाच्या टपरीवर विचारलं, किराणावाल्याला विचारलं. सगळ्यांचा एकच सूर, "प्रायव्हेट आहे, भिऊ नका." एजंटानं सगळ्यांना पढवून ठेवलंय, हे न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो. पण कळून करायचं काय?

साइटवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. अण्णांनी मोजायची टेप काढली, एक टोक यजमानांच्या हातात दिलं. वकिलांनी दिलेला नकाशा मी स्कूटरच्या सीटवर धरून उभी. खाली पाण्याच्या बाजूला पालेभाजीचे वाफे होते, दंटिन सोप्पूचे, म्हणजे आपल्या राजगिऱ्याचे. त्यातून एक बाई उठली आणि चिखलाच्या हातांनी धावत वर आली. वयानं माझ्याएवढीच असेल. हात जोडून कन्नडात म्हणाली, "सर्वेचे साहेब का?"

अण्णांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "हूं."

एवढंच. खोटंही धड बोलले नाहीत! आणि मग त्याच आवाजात, "सरकारची हद्द कुठपर्यंत?"

ती घाईघाईनं सांगत सुटली. तो रस्त्यापलीकडचा दगड दिसतो ना, तिथपर्यंत तळं. पाऊस चांगला झाला की पाणी अजून तिथवर येतं. या चुन्याच्या रेघा माझ्या नाहीत स्वामी, त्या लोकांनी मारल्या. मी फक्त भाजी लावते. सरकारची जागा आहे हे मला ठाऊक आहे, मी कधी माझी म्हटली नाही. हे पीक तेवढं निघू द्या. स्वल्प दिवस द्या.

दगड आमच्या साइटच्या कितीतरी मागं होता. आमचं स्वयंपाकघर, देवघर, सासूबाईंची खोली, सगळं तळ्यात!

"बघू," अण्णा म्हणाले, आणि टेप गुंडाळली.

वर बांधावर आल्यावर यजमानांनी अण्णांना मिठीच मारली. "वाचलो, अण्णा! सुटलो!" माझाही जीव भांड्यात पडला. आणि मग हसू सुटलं. यजमान "हूं" करून दाखवायला लागले. मी डोळे पुसत सहज खाली पाहिलं.

ती भाजी उपटत होती. बसून, दोन्ही हातांनी, भराभर.

"अहो, ती बघा काय करतेय!" मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं. आज ना उद्या काढावीच लागणार तिला." मला असा संताप आला! पण थोरल्या दिरांना उलट बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी नुसती तरातरा खाली उतरले.

"थांबा," मी म्हटलं, "आम्ही सरकारचे नाही."

तिचे हात थांबले. अर्धा वाफा रिकामा झाला होता. वीतभरसुद्धा वाढली नव्हती रोपं.

"मग विचारलंत कशाला?"

"साइट घ्यायची होती."

"ही?"

मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली. आम्ही ही जागा घेतली असती तर तिला एक दिवसही दिला नसता, हे तिला कळलं आणि मलाही. मग तिनं उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधल्या आणि माझ्या ओंजळीत कोंबल्या.

"न्या. आता ही परत लागत नाहीत, आणि एवढीशी बाजारात कोण घेतंय?"

मी पैसे पुढं केले. तिनं मान फिरवली आणि उरलेल्या वाफ्याला पाणी घालायला लागली.

घरी सासूबाईंनी ती भाजी लसूण घालून परतली. जेवताना अण्णांनी सगळ्यांना साग्रसंगीत सगळं सांगितलं, ती हात कशी जोडत होती तेही करून दाखवलं. सासूबाईंना हसून ठसका लागला. "कोवळी आहे गं भाजी," ताट पुढं करत अण्णा म्हणाले, "वाढ आणखी."

"जपून अण्णा," यजमान म्हणाले, "सरकारी आहे!"

सगळे हसले. मीही हसले, आणि वाढली.