जावयाची गाडी आणि शेणाचं घमेलं

आमच्या जावयाची नवी मोटारसायकल आमच्या म्हशीनं पाडली, यात म्हशीचा काही दोष नव्हता. तिला मीच गाडीला बांधलं होतं.

आता कोणी म्हणेल, गाडीला कधी कोणी म्हैस बांधतं का? आमच्याकडं बांधतात. मालकांची, म्हणजे आमच्या घरधन्यांची, जुनी गाडी सगळी लोखंडाची होती. ते फौजेतून सुट्टीवर आले की तेवढीच ती चालायची, एरवी गोठ्याच्या तोंडाशी उभी. चंद्री म्हशीनं खुंटा उपटला की मी तिला सरळ त्या गाडीला बांधायची. चंद्री ओढून ओढून दमायची, पण गाडी जागची हलायची नाही. त्यामुळे गाडी म्हणजे चाकं लावलेला खुंटा, असं माझ्या हाताला वळणच पडलं होतं.

धोंड्याचा महिना होता. शीतल, माझी एकुलती एक मुलगी, आणि जावई लग्नानंतर पहिल्यांदाच धोंडे खायला आले होते. जावई सांगलीत विश्रामबागला राहतात, ऑफिसात जातात. माणूस इतका टापटिपीचा की आल्या आल्या पाणी प्यायच्या आधी त्यांनी खिशातून मऊ फडकं काढून गाडी पुसली. काळीभोर गाडी. तिच्यात बघून कुंकू लावावं!

शीतल माझ्या कानात म्हणाली, "आई, ही माजी सवत. पर बोलत न्हाई, एवढं बरं हाय."

बोलत तर मीही नव्हते. जावयासमोर उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटते. लग्न ठरवताना सगळं बोलणं मालकांनी आणि माझ्या नणंदेनं केलं होतं. जावयांनी "मामी, बऱ्या आहात ना?" असं विचारलं की मी पदर सावरून मान हलवायची. आणखी चहा हवा का हे विचारायचं झालं तर किटली उचलून दाखवायची. काम अडत नव्हतं.

तर त्या दिवशी मालक जावयांना ऊस दाखवायला शेतात घेऊन गेले. (ऊस सांगलीतही उसासारखाच असतो, पण जावयाला आपला दाखवावा लागतो.) मी पुरण शिजत ठेवलं होतं. तेवढ्यात चंद्रीनं खुंटा उपटला. मी धावत जाऊन तिचं दावं धरलं आणि त्याच क्षणी घरातून डाळ करपल्याचा वास आला. हातात म्हैस, नाकात डाळ. समोर गाडी उभी होती. हातानं त्याच्या सवयीप्रमाणं केलं, आणि मी आत पळाले.

गॅस बंद करते न करते तोच शेजारीण डोक्यावर हिरव्या मक्याचा भारा घेऊन रस्त्यानं गेली. चंद्री मक्यामागं निघाली आणि चंद्रीमागं गाडी निघाली. ती दोन पावलं चालली आणि आडवी झाली. आवाज कसला आला म्हणाल, तर पापड मोडल्यासारखा. एवढी थोरली गाडी आणि आवाज पापडाचा! मी बाहेर येऊन बघते तर सीटखालच्या बाजूच्या पत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. मधला एक तुकडा निघून पडलेला, त्यावर चंद्रीचा पाय.

पत्रा म्हणते ते सवयीनं. हात लावून बघितला तर प्लास्टिक निघालं.

शीतल पांढरीफटक पडली. "आई, ह्यांना गाडीवर धूळ बसल्याली चालत न्हाई. आता तूच सांग त्यांना काय झालं त्ये."

जावयाशी बोलायचं? आणि पहिलंच बोलणं हे? त्यापेक्षा गाडी नवी घडवणं सोपं, असं मला वाटलं.

तसं प्लास्टिक माझ्या हातातलं काम आहे. गल्लीतल्या कितीतरी बादल्या आणि घागरी मी बऱ्या केल्या आहेत. उलथनं गॅसवर लालबुंद तापवायचं, भेगेवर जुन्या प्लास्टिकची पट्टी ठेवायची आणि उलथन्यानं दाबून वितळवायची. पाणी गळालं तर माझं नाव बदला. पत्र्यातून तर पाणीसुद्धा न्यायचं नव्हतं!

आम्ही दोघींनी गाडी उभी केली. शीतलनं भाजीच्या सुरीनं स्क्रू काढला. बाकीचा पत्रा रबरात खुंट्या खोचून बसवलेला होता, तो ओढल्यावर टक्कन हातात आला. आता काळं प्लास्टिक हवं होतं. कंगवा काळा होता, पण त्याला दात. मालकांची बॅटरी काळी होती, पण तिला मालक. मग गोठ्यात नजर गेली. तिथं काळं घमेलं होतं. त्यातून मी रोज शेण काढते.

शीतल म्हणाली, "आई, शेणाचं?"

"धुती की," मी म्हणाले.

आणि धुतलं. एकदा.

घमेल्याच्या काठाची पट्टी कापली. एका शेगडीवर पुरण, दुसरीवर उलथनं. भेग भरली, गेलेल्या तुकड्याची जागा भरली, ओल्या फडक्यानं सारखं केलं आणि वर खोबरेल तेल चोळलं. पत्रा असा चमकायला लागला की उरलेल्या गाडीलाही तेल लावावं असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेर मालकांचा खाकरण्याचा आवाज. पत्रा अजून गरम होता. शीतलनं दोरीवरची माझी नवी साडी ओढली आणि गाडीवर टाकली.

जावई अंगणात आले. गाडीला साडी नेसवलेली बघून थबकले.

"आईला वाटलं, उन्हानं रंग उडंल," शीतल म्हणाली.

जावयांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं काळीज तुटलं. म्हणाले, "मामी, एवढी काळजी माझ्या घरीसुद्धा कोणी करत नाही." मी मान हलवली.

ते जेवायला बसल्यावर शीतल पत्रा बसवायला गेली. जावयांना ताटावर धरून ठेवायचं काम मी डोळ्यांनी खुणावून मालकांना दिलं. मालकांना वाटलं, मी आग्रह करा म्हणतेय. फौजेतला माणूस, हुकूम मिळाला की थांबत नाही. "आनि एक घ्या," "जवान आदमी, ह्ये काय खानं हाय का," असं करत त्यांनी जावयांना इतके धोंडे घातले, की निघताना जावयांना गाडीवर पाय टाकता येईना. पत्रा बघायला वाकणं तर दूरच. गाडी गेली. मी देवाला साखर ठेवली.

चार-सहा दिवसांनी शीतलचा फोन आला. आवाज रडवेला.

झालं होतं असं, की पत्र्याच्या आत इंजिनाची धग. त्यात सांगलीचं ऊन. घमेल्याच्या चरांत वर्षानुवर्षांचं बसलेलं, ते एका धुण्यात कसं जाणार? जावई सिग्नलला थांबले की आजूबाजूची माणसं नाक धरून त्यांच्याकडं बघायची. गाडी रोज पुसलेली, त्यामुळे गाडीवर त्यांचा संशयच जाईना. आपल्यालाच काहीतरी झालं, असं त्यांनी धरलं. दोनदा अंघोळ सुरू केली. साबण बदलला. धोंडे अजून पचले नाहीत म्हणून डॉक्टरकडं जाऊन आले.

एवढ्यावर भागलं असतं. पण शीतल म्हणाली, "आई, सासूबाई म्हणत्यात, तू कपडं नीट धूत न्हाईस म्हनून त्याच्या अंगाला वास येतोय. तुज्या माहेरी आसंच धुत्यात का?"

हे मात्र मला लागलं. पोरगी तिकडं कपडे आपटून आपटून दमलेली आणि मी इकडं लाजत बसलेली. मी देव्हाऱ्यापुढं उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला (फोनमधून दिसत नाही, तरी घेतला) आणि जावयांना फोन लावला. थांबले तर धीर जाईल म्हणून त्यांनी उचलल्या उचलल्या बोलून टाकलं.

"तुमी आजारी न्हाई. माज्या पोरीचं कपडंबी सवच्छ हायत. त्यो वास शेनाचा हाय."

मग जावई म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"शीतलची आई."

काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग लांबून जावयांची हाक ऐकू आली, "आई, लवकर ये. मामी बोलायला लागल्या."

तेव्हा मला कळलं. लग्नापासून त्या घरात सगळे मला मुकी समजत होते! मनाची माणसं चांगली, म्हणून शीतललाही कोणी विचारलं नाही, पोरीला वाईट वाटेल म्हणून. विहीणबाईंनी तर लग्नानंतर औंधला यमाईच्या दर्शनाला गेल्यावर नवस बोलला होता, की आमच्या विहिणीला वाचा दे, तुझी ओटी भरीन, पायरीवर नारळ फोडीन.

विहीणबाई फोनवर आल्या. "परत एकदा बोला बरं," म्हणाल्या. मग मी म्हैस, मका, पापड, उलथनं, घमेलं सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. त्या हसत होत्या की रडत होत्या कळेना, पण शेवटी म्हणाल्या, "शीतलला मी उगंच बोलले हो." मला तेवढंच हवं होतं. जावयांनी त्याच दिवशी पत्रा काढून नवा बसवला.

पण वाचा यमाईनंच दिली असं विहीणबाईंनी धरलं, आणि नवस फेडावा लागतो. विहीणबाई, जावई, शीतल, आम्ही दोघं, सगळे मिळून औंधच्या डोंगरावर गेलो. देवळात गर्दी होती. नवस ऐकून पुजाऱ्यानं विचारलं, "वाचा कुणाला आली?" तशी पुढची-मागची सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "सांगा की विहीणबाई, तुमच्या तोंडानंच सांगा."

एवढ्या परक्या माणसांत बोलायचं म्हणजे! माझी जीभ टाळूला जाऊन चिकटली. मी पदर सावरला आणि मान हलवली.

विहीणबाईंनी जावयांचा नारळ उगारलेला हात धरला. "नारळ फोडू नकोस रे," त्या म्हणाल्या, "वाचा परत गेली."