खोबऱ्याच्या वासाचं वर्ष
टॅला या आमच्या आयरिश उपनगरामागच्या टेकडीवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळी फुलली की ओल्या खोबऱ्याचा वास सुटतो. पंधराव्या वर्षी त्याच वासात, नागपूरहून आलेल्या आजोबांना मी माझ्या तोडक्या मराठीत विचारलं होतं, इथल्या शाळेतलं परीक्षा नसलेलं, घेतलं तर घ्यायचं असं मधलं मोकळं वर्ष सोडून थेट वरच्या वर्गाचं इंग्रजी साहित्य घेऊ का? बाबांच्या मते वर्ष वाया घालवण्यात अर्थ नव्हता. आजोबा म्हणाले, "एवढी घाई कायले? पुस्तकं का पळून चालले? पुढच्या साली मी येतो, मस्त फिरू." मी थांबले. पण डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवासच बंद केला. वर्षभर मी एकटीच चढायचे आणि ते फोनवर विचारायचे, "येऊन राहिला का वं वास?" आता विचारणारं कोणी नाही. तरी वर पोचले की मी मोठ्याने सांगते, "येतोय, आजोबा."