विद्याताईंचे डबे

खतिजा परकार दापोलीकडची. आता आखातात, हमरियात राहते आणि सहा जणांचे डबे करते. त्या सहा जणांच्या लेखी मात्र ती विद्याताई. झालं असं, की चार वर्षांपूर्वी नाव ऐकून दोघांनी डबा नको म्हटलं. तिसरा फोन उत्तम घागचा आला, संगमेश्वरचा, गॅरेजात मेकॅनिक. तिचं मराठी ऐकून गडी खूश झाला, नाव विचारलं, आणि तिच्या तोंडून शाळेतल्या मैत्रिणीचं नाव निघून गेलं. आता एकदा निघालेलं परत कसं घ्यायचं? बाकीचे पाचही उत्तमच्याच ओळखीने आले. डबे पोचवायला तिचा नवरा रशीद जायचा. तो पगारी ड्रायव्हर असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. रशीदला ते झोंबायचं, पण बोलायचा नाही.

यंदा रमजानच्या चौथ्या दिवशी उत्तमचा फोन आला. आमटी खारट, भाजी अळणी, मी समक्षच येतो म्हणाला. रोजा असताना खतिजा जिभेवर मिठाचा कणसुद्धा ठेवत नसे, सगळं अंदाजाने. पण हे सांगायचं कसं?

तिने भिंतीवरची मक्केची तसबीर उतरवून पलंगाखाली सरकवली. डोक्यावरची ओढणी काढली. मग काजळाची पेन्सिल घेऊन आरशासमोर कपाळावर ठिपका काढला. आरशातली बाई ना विद्या होती ना खतिजा. तिला स्वतःचीच किळस आली. ठिपका पुसायला गेली तर तो कपाळभर पसरला, आणि तेवढ्यात बेल वाजली.

उत्तम उंबऱ्याबाहेरच थांबला. तिच्या कपाळाकडे पाहून त्याने नजर वळवली.

“ताई, चार वर्षं रमजानातच मीठ हुकतंय,” तो हळूच म्हणाला. “रोजा असतो ना तुमचा? साडेबाराला माझा ब्रेक असतो. महिनाभर मी चाखून जाईन.”

खतिजाला रडू फुटलं. ज्याला ती इतकी वर्षं घाबरत होती, त्याला सगळं ठाऊक होतं. तिने आपलं खरं नाव सांगितलं.

उत्तमने मान हलवली. मग जिन्याकडे बघत म्हणाला, “बाकीच्या पाच जणांना मात्र विद्याच राहू द्या. सगळे सारखे नसतात.”

तो भल्यासाठीच सांगत होता, हे तिला कळत होतं. तरी राग आला, त्याचा कमी, स्वतःचा जास्त.

“नको,” ती म्हणाली. “आजच सांगा सगळ्यांना. चालेल त्याने खावं.”

दुसऱ्या दिवशी, उत्तमचा धरून, रशीद तीनच डबे घेऊन जिना उतरला.