हेडफोनची दोरी

भाऊ गेल्यावर चारेक महिन्यांनी बाबांच्या हेडफोनची दोरी तुटली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून भाऊ गेला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

बाबा परळच्या गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. कानाशी ओरडलं तरच थोडंफार कळायचं. भावानं चोरबाजारातून जुने लष्करी हेडफोन आणले आणि खड्यावर बारीक सुई टेकवून विजेशिवाय चालणारा छोटा रेडिओ त्यांच्यासाठी जुळवला. लालबागच्या आमच्या खोलीत ते फोन दोन्ही कानांवर दाबून धरून बाबा रोज संध्याकाळी बातम्या ऐकायचे.

दोरी तुटली तेव्हा आई म्हणाली, "रेडिओवाल्याकडे टाक." मला ते नको वाटलं. भावाच्या हातची वस्तू परक्यानं उघडायची? मी दुकानातून दोन पदरी वायर आणली, भावाचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दारात उजेडाला बसले.

जुनी दोरी म्हणजे सुती विणीच्या वेष्टणातली मऊ वायर होती. नवी वायर ताठ, काही केल्या वळेना. एका बाजूचा स्क्रू जोर लावून आवळला, तशी आतली केसासारखी तार पटकन तुटली. हेडफोनचे दोन्ही कान एकामागोमाग जोडलेले होते, म्हणजे एक मेला की दुसराही गप्प. मग तुटलेला कान वगळून मी वायर थेट दुसऱ्याला जोडली. कानाला लावून पाहिलं. अगदी बारीक आवाजात कुणी हवामान सांगत होतं. मला रडू आलं.

फोन बाबांच्या कानांवर चढवले आणि ओरडले, "येतंय का ऐकू?"

"येता, येता," बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले. "बरा केलंस, चेडवा."

त्यानंतर ते पुन्हा रोज बसू लागले. डोळे मिटून, मान किंचित खाली. आई म्हणायची, निदान एवढं तरी झालं.

पंधरा-वीस दिवसांनी मी रेडिओची फळी पुसत होते. रेडिओच्या खड्यावर टेकवायची सुई बाजूला सरकलेली दिसली. खडा आणि सुईच्या मध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं. बाबा फोन लावून बसलेलेच होते. मी ते काढून स्वतःच्या कानाला लावले. आत काही नव्हतं.

"कधीपासून बंद आहे?" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माका पयल्यापासूनच येना. एका कानान भागना नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू येवढा मन लावन केलंस." माझ्या हातातून फोन परत घेत म्हणाले, "आणि तेची वस्तू. कानार आसली तर बरा वाटता."

दुसऱ्या दिवशी ती तुटकी तार जोडायला मी दोन्ही कान पुन्हा उघडले. दुपारभर झटले. त्यात चांगल्या कानाची तारही गेली. आता कुणाकडे नेऊन उपयोग नव्हता. बाबांना मी काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते तसेच फोन लावून बसत राहिले.

काही वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत रोषणाई, खाली लेझीम, गुलाल. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. एव्हाना त्यांना ओरडलेलंही कळत नव्हतं, म्हणून मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मुंबई आपल्याला मिळाली', आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "च्याय ठेव."