नोएलीनचा अर्धा तास

नोएलीन हॉकिंग लग्न होऊन ब्रोकन हिलला आली, तेव्हा तिच्या मनगटावरचं घड्याळ आठवडाभर सिडनीच्याच वेळेवर चालत होतं. आमचं गाव नकाशात सिडनीच्याच राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये. पण खाणी निघाल्या तेव्हापासून माल, फुटबॉल आणि घड्याळ सगळं ॲडलेडचं, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे. नव्या नवरीला हे कोणी सांगितलंच नाही. सासूनं रविवारी बाराला जेवायला बोलावलं, तर ही साडेअकरालाच दारात उभी, आणि सासू न्हाणीघरात.

हा किस्सा गावानं चाळीस वर्षं पुरवून पुरवून सांगितला. आमच्याकडे माणसं दोनच प्रकारची, इथे जन्मलेली आणि बाहेरची. नोएलीननं दोन मुलं इथे वाढवली, नवरा क्लिफ इथल्याच लाल मातीत पुरला, तरी ती बाहेरची ती बाहेरचीच. तिच्या चीज-स्लॉमध्ये साखर जास्त पडते, हे तिला लग्नात, बाप्तिस्म्याला, मयतीला, जिथे जिथे ती वाडगा घेऊन गेली तिथे तिथे तोंडावर ऐकवण्यात आलं. किसलेलं चीज, किसलेलं गाजर आणि मेयॉनीज, त्यात बिघडण्यासारखं काय असतं? पण बाहेरच्या माणसाच्या हातून आमच्याकडे तेही बिघडतं.

रॉस्केली कूलिंगचं ऑफिस ती सांभाळायची. छपरावरचे कूलर आणि दुकानांची शीतगृहं दुरुस्त करणारं हे दुकान, मालक डेंझिल रॉस्केली, हाताखाली सहा मेकॅनिक. फोन नोएलीन घ्यायची, भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर कामं लिहायची आणि सकाळी सहाही जणांना पिटाळायची. ईमेल होता, पण तो कसल्याशा जुन्या सेवेवर, आणि ती सेवा बंद होणार असल्याचं पत्र आलं, तिथून सगळं सुरू झालं.

डेंझिलचा मेहुणा सिडनीत असल्या धंद्यात होता. त्यानं कागद पाठवले. ईमेल त्यांचा, कॅलेंडर त्यांचं, वर फोन उचलणारी बाईसुद्धा त्यांचीच, तिथे सिडनीत बसलेली.

"मग मी काय करायचं?" नोएलीननं विचारलं.

"तू आराम कर की गं," डेंझिल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "क्लिफ गेल्यापासून एक सुट्टी घेतली नाहीस."

"घरी जाऊन रेडिओशी बोलू का?"

डेंझिल माणूस वाईट नव्हता, पण मेहुण्यापुढे त्याचं काही चालत नसे. नोएलीनला मात्र हे टेबल गेलं तर दिवसभर नाव घेऊन हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं.

"फुकटातलं सॉफ्टवेअर असतं," ती म्हणाली. "ओपन सोर्स म्हणतात. सर्व्हर आपल्याच शेडमध्ये ठेवायचा, कोणाची भाडोत्रीगिरी नको. मी निवडते."

"तुला जमेल?"

"तुझ्या मेहुण्याला जमतं, मग मला न जमायला काय झालं?"

डेंझिलनं उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली. कामांचा घोळ झाला तर मेहुण्याच्या कागदांवर सही. कागद त्यानं आपल्या टेबलावरच ठेवले, वर एक जुना पंप वजन म्हणून.

इथून पुढे नोएलीनचे हाल कुत्रा खाईना. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं, फुकटही. पण कॅलेंडर मेकॅनिकांच्या मोबाईलवर पाठवायचं म्हटलं की तेवढा भाग पैसेवाल्या आवृत्तीत. म्हणजे भाडं नको म्हणून घर बांधावं आणि दरवाजा भाड्यानं घ्यावा! दुसरं बनवणाऱ्या दोघांचं आपापसात भांडण झालेलं, त्यामुळे एकाच नावाची दोन सॉफ्टवेअरं, आणि दोघं एकमेकांच्या नावानं बोटं मोडतायत. तिसऱ्याला शेवटचा हात कधी लागला होता देव जाणे. त्याच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं, "हे सर्वांना माहीतच आहे." कोणत्या सर्वांना? नोएलीननं त्या पानाला मोठ्यानं शिव्या घातल्या. चौथं बसलं. मोबाईलवर कॅलेंडर दिसायला लागलं, पण दुकानातून गेलेले ईमेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागले. तिनं जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून सांगितलं, "मी ईमेल पाठवलाय, कचऱ्यात बघा." तो रस्ता सरळ करण्यात आणखी काही दिवस गेले.

तिच्या मदतीला होता तो हॅम्बुर्गचा डेटलेफ. त्या सॉफ्टवेअरच्या चर्चापानावर लोकांच्या अडचणी फुकट सोडवणारा सज्जन माणूस, तोंडओळखही नाही. त्यानं विचारलं, "तुमचं राज्य कोणतं?" तिनं लिहिलं, न्यू साउथ वेल्स. त्यानं सगळ्या सेटिंग तयार करून पाठवल्या, तिनं जशाच्या तशा चिकटवल्या. झालं. बिचाऱ्या डेटलेफला हॅम्बुर्गात बसून काय कळणार, की न्यू साउथ वेल्समध्ये एक गाव आहे जे स्वतःच्या राज्याचं घड्याळ मानत नाही! आणि नोएलीनला विचाराल तर हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. वेळ म्हणजे वेळ, ती काय विचारून ठरवायची असते?

सॉफ्टवेअर मात्र तिच्या नकळत सिडनीच्या वेळेनं चालू लागलं. ऑफिसच्या संगणकावर ती दहा लिहायची, तिला दहाच दिसायचे. मेकॅनिकांच्या मोबाईलवर गावची वेळ, तिथे त्याच कामापुढे साडेनऊ उमटायचे.

पण घोळ काही झाला नाही. उन्हाळा तापला, छपरांवर कूलर खडखडायला लागले, कामांची रीघ लागली आणि सगळी कामं वेळेवर झाली. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. नोएलीनचं मन हळूहळू निवांत झालं. मेहुण्याच्या कागदांवर धूळ बसली. एकदा तर तिनं तो पंप उचलून खालून फडकं मारलं, मुद्दाम, डेंझिलच्या देखत.

मग तिच्या मुलानं ॲडलेडहून तिला नवा मोबाईल पाठवला. एका दुपारी तिनं त्यावर दुकानाचं कॅलेंडर उघडलं, तर सगळी कामं अर्धा तास आधी दिसत होती. उद्याचं वृद्धाश्रमाचं काम, तेही. त्या वृद्धाश्रमात नवी व्यवस्थापिका आली होती, वर्षभराचं काम देणार होती. तिनं दहाची वेळ दिली होती, आणि मोबाईल साडेनऊ म्हणत होता.

कोणाला सांगावं तर डेंझिल पंप बाजूला करून पेन उघडणार. तिनं दार लावून घेतलं. सेटिंगमध्ये शहरांची यादी होती, आणि तिथे, देवा रे, चक्क ब्रोकन हिलचं नाव होतं! जगातल्या कुठल्याशा भल्या माणसानं आमच्या एवढ्याशा गावासाठी वेगळी ओळ लिहून ठेवली होती, आणि हीच बया ती वाचायची राहिली. तिनं ती निवडली, मग संध्याकाळपर्यंत एकेक काम पुढे सरकवत बसली. मोबाईलवर दहाचे दहा दिसले तेव्हा कुठे उठली. इतके दिवस मेकॅनिक वेळेवर कसे पोचत होते, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण सुटलेल्या संकटाच्या खोलात कशाला शिरायचं, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला.

सकाळी दहा वाजून गेल्यावर वृद्धाश्रमातून फोन. "तुमचा माणूस कुठे आहे? म्हातारी माणसं उकडून निघतायत."

नोएलीननं डार्सीला फोन लावला. डार्सी तिचा सगळ्यात जुना मेकॅनिक, क्लिफचा दोस्त.

"डार्सी, कुठे आहेस?"

"बेकरीत. खिम्याची पेस्टी खातोय."

"पेस्टी खातोयस? दहाचं काम होतं ना तुझं!"

"अगं, दहा लिहिलंयस म्हणजे साडेदहा. वेळ आहे अजून."

"दहा म्हणजे साडेदहा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू कशाला तापतेस? नेहमीप्रमाणे अर्धा तास मिळवलाय मी."

"नेहमीप्रमाणे?" नोएलीन किंचाळली. "पळ आधी तिकडे!"

रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच पुढचा फोन. खाटकाच्या शीतगृहाला कोणी आलं नाही. मग शाळेतून. मग क्लोराइड स्ट्रीटवरच्या म्हातारीचा. सहाच्या सहा मेकॅनिक गावभर आरामात, आपापल्या जागी अर्धा तास मिळवून बसलेले. सगळा उन्हाळा एकही तक्रार न आलेला फोन त्या सकाळी थांबेचना. डेंझिल आपल्या खोलीतून बाहेर आला आणि दारात उभा राहून ऐकत राहिला.

शेवटचा फोन ठेवून नोएलीन त्याच्या टेबलाशी गेली, पंप उचलून बाजूला ठेवला आणि कागद त्याच्या हातात दिले. "कर सही. चूक माझी आहे. मी काल वेळ बदलली आणि सांगितली नाही. पण ती मेली सहा माणसं! उन्हाळाभर चुकीची वेळ बघतायत आणि एकालाही तोंड नाही?"

डेंझिल कागद हातात धरून घुटमळला. "मीपण मिळवत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"अर्धा तास. माझ्या मोबाईलवर पण तसंच दिसायचं."

नोएलीन खुर्चीत बसली. तिला हसावं की त्याच्या डोक्यात पंप घालावा हे कळेना.

चहाच्या सुट्टीला सगळे शेडमध्ये जमले, चोर पकडल्यासारखे. डार्सी वृद्धाश्रमातून थेट आला होता. कूलर चालू करून दिला होता, बोलणीही खाल्ली होती. व्यवस्थापिकेनं गुरुवारी परत बोलावलं होतं, वेळेवर आलात तर बघू म्हणून. नोएलीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोणाला पहिल्यांदा कळलं?"

सगळ्यांनी डार्सीकडे बोट केलं. तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी. अर्धा तास आधी पोचलो, गिऱ्हाईक झोपलेलं. मग बाकीच्यांना सांगितलं, मिळवत जा रे."

"आणि मला? मला सांगायला काय जीभ झडली होती? चाळीस वर्षं माझ्या स्लॉतली साखर मोजताय, गाडी कशी लावते त्यावर बोलताय, माझ्या टोपीवर बोलताय! आणि जिच्यावर माझी नोकरी टांगलेली, ती एक गोष्ट तेवढी गिळून बसलात?"

"नोकरीसाठीच तर," मागून कोणीतरी पुटपुटलं. "घोळ झाला असता तर तो सिडनीवाला आला असता."

"अरे पण मी ती एका मिनिटात दुरुस्त केली असती! तुम्हाला वाटलं काय, मला दुरुस्त करता येत नाही?"

"तसं नाही गं." डार्सीनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आम्हाला वाटलं, तू मुद्दामच ठेवलीयस."

"सिडनीची वेळ? मुद्दाम?"

"तुझं ते घड्याळ नाही का, लग्नातलं. आणि आता क्लिफ पण नाही. एकटी असतेस." डार्सी तिच्याकडे न बघता बोलत होता. "वाटलं, माहेरची वेळ आहे, असू दे बिचारीला. अर्ध्या तासानं आमचं काय जातंय?"

 नोएलीननं संतापानं तोंड उघडलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो नुसता संताप नाही.  या सहा गाढवांनी उन्हाळाभर, छपरावर तापलेल्या पत्र्यावर उभं राहून, रोज प्रत्येक कामाला तिच्यासाठी अर्धा तास मिळवला होता, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बाहेरच्या माणसाला या गावात कोणी एवढं सोसत नाही.

डेंझिलनं कागदांची घडी केली आणि डगमगणाऱ्या चहाच्या टेबलाच्या पायाखाली सारली. "सिडनीची ती बाई फोनवर चुकली असती," तो म्हणाला, "तर या लोकांनी अर्धा तास सोड, अर्धं मिनिट मिळवलं नसतं."

"उद्यापासून कोणी काही मिळवायचं नाही," नोएलीन कशीबशी म्हणाली. "दहा म्हणजे दहा. ऐकू येतंय?"

"सवय झालीय गं," डार्सी कुरकुरला.

"मोड सवय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सहाही जणांना एकेक करून फोन केला, हव्या त्या शिव्या घातल्या आणि वेळ तोंडानं वदवून घेतली. म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर होतं तेव्हा करायची तेच. संध्याकाळी सिडनीहून बहिणीचा, ग्लेंडाचा फोन आला. ती नेहमी अर्धा तास लवकर करायची, नोएलीन अजून ऑफिसचं कुलूप लावत असताना, आणि नोएलीन चाळीस वर्षं कधी काही बोलली नव्हती.

"सहा वाजले ना गं?" ग्लेंडानं विचारलं.

"तुमच्याकडे वाजले असतील," नोएलीन म्हणाली. "आमच्याकडे साडेपाच झालेत. अर्ध्या तासानं कर."